निरीक्षक बेपत्ता आहेत

बाबा गेल्यावर तिसऱ्या महिन्यात काकाने त्यांना बेपत्ता केलं. भर दुपारी, गाद्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, मायक्रोफोनसमोर, माझ्या देखत. आणि त्यावर मी ‘बरोबर’ म्हणाले.

हे असं का झालं ते कळायला आधी आमचा कार्यक्रम कळायला हवा, आणि तो कळायला दुकान.

बाबा आणि काका गाद्या भरायचे. पुढच्या बाजूला गल्ला, कापडाचे नमुने आणि एक पलंग. त्यावर गिऱ्हाईक बसतं, दोनदा उडी मारून बघतं आणि आपल्याला गादी कळली असं समजतं. मागच्या खोलीत तयार गाद्या चारही भिंतींना टेकून उभ्या असतात, काथ्याच्या, फोमच्या, कापसाच्या. त्या खोलीत टाळी वाजवली तर ती वाजली की नाही याची आपल्यालाच शंका येते. बोललेला शब्द पुढे जातच नाही, तोंडातून निघून पायाशी पडतो. मी एकदा गमतीत म्हटलं होतं की अशा खोलीसाठी रेडिओवाले जीव टाकतील. काकाची खोड अशी की त्याला गंभीरपणे सांगितलेलं गमतीचं वाटतं आणि गमतीत सांगितलेलं तो मनावर घेतो. पुढच्या आठवड्यात दाभणांच्या डब्यात एक मायक्रोफोन उभा होता.

त्या सुमारास बाबा गाद्या शिवताना कानात इयरफोन घालून गुन्ह्यांच्या कथा ऐकायचे. खर्जातला आवाज, मागे थेंब पडल्यासारखं संगीत आणि दर पाच मिनिटांनी ‘त्या दिवशी नेमकं काय घडलं?’ एका खुनाची गोष्ट त्यांनी कितीतरी दिवस ऐकली, आणि शेवटच्या भागात निवेदक म्हणाला की खून कोणी केला हे आजही कोणाला माहीत नाही. बाबांनी दाभण खाली ठेवलं.

“म्हणजे काय? मी अशी गादी दिली आणि शेवटी म्हटलं, आत काय भरलंय ते आजही कोणाला माहीत नाही, तर लोक मला सोडतील?”

त्या रागातून ‘हा योगायोग नाही’ हा कार्यक्रम जन्माला आला. त्यात गुन्हा नेहमी क्षुल्लक असायचा आणि त्यामागचा कट नेहमी जगाएवढा. बाबा झाले ‘निवृत्त निरीक्षक’. आयुष्यात ते पोलीस चौकीत एकदाच गेले होते, तेही चौकीतली गादी बदलून द्यायला. काका झाला ‘विश्वसनीय सूत्र’. सूत्र असल्यामुळे तो सगळं कुजबुजत बोलायचा, अगदी ‘चहा आण’सुद्धा.

लिहिलेलं काही नसायचं. एकाने प्रकरण काढायचं आणि दुसऱ्याने उचलायचं.

“निरीक्षक, बँकेतलं पेन दोरीला का बांधलेलं असतं?”

“चोरीला जाऊ नये म्हणून, असं लोकांना वाटतं.”

“बरोबर. आणि त्याहून गंभीर म्हणजे, ती दोरी दुसऱ्या टोकाला कशाला बांधलीय हे कोणी पाहिलंय?”

“मी पाहिलंय. बँकेला.”

“म्हणजे पेन पळू नये म्हणून नाही, बँक पळू नये म्हणून—”

“थांब. तू ‘नाही’ म्हणालास.”

कारण नियम एकच होता: समोरच्याने सांगितलेलं नाकारायचं नाही. तो म्हणाला आकाशात म्हैस आहे, तर आहे. आपण ‘बरोबर’ म्हणायचं, ‘आणि त्याहून गंभीर म्हणजे’ म्हणायचं, आणि म्हशीला रेडकू द्यायचं. ज्याच्या तोंडून ‘नाही’ निघेल त्याने उरलेला भाग गादीवर आडवं पडून बोलायचा. आडव्या माणसाचा आवाज कसा येतो हे ज्याने ऐकलंय त्याला ही शिक्षा किती मोठी आहे ते कळेल. कसलाही दरारा उरत नाही.

मी त्या कार्यक्रमात कधीच बोलले नव्हते. माझं काम नंतरचं, खोकले कापायचे, गिऱ्हाइकांच्या हाका कापायच्या, भाग इंटरनेटवर सोडायचा. नोकरी म्हणून मी एका प्रकाशकाकडे पुस्तकांची मुद्रितं तपासते. हा शब्द नको, हे वाक्य नको, ही तारीख बरोबर नाही. म्हणजे मला पगारच ‘नाही’ म्हणण्याचा मिळतो. काका मला ‘खोडरबर’ म्हणतो.

तर त्या दुपारी मी कार्यक्रम बंद झाल्याचं सांगायला गेले होते. बाबा गेले हे श्रोत्यांना कळवलंच नव्हतं. शेवटचा भाग कधीचाच येऊन गेला होता आणि लोक विचारत होते. मी चार सभ्य वाक्यं तयार केली होती. काका म्हणाला होता, “ये, सांगून टाकू.” मी बाबांच्या स्टुलावर बसले. बटण दाबलं. काका मायक्रोफोनकडे झुकला आणि कुजबुजला:

“श्रोतेहो, आजचं प्रकरण आमच्याच घरातलं आहे. निरीक्षक बेपत्ता आहेत.”

मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर गंमत नव्हती. शाळेच्या दारात मूल आईचा हात सोडत नाही तेव्हा त्याचा चेहरा असतो, तसं काहीतरी होतं. माझी चार सभ्य वाक्यं गाद्यांमध्ये विरून गेली.

“बरोबर,” मी म्हणाले. “आणि त्याहून गंभीर म्हणजे, त्यांचा चष्मा घरीच आहे.”

हे खरं होतं. चष्मा फ्रिजवर होता. आईने तो हलवला नव्हता, मीही नाही.

काका हसला. तीन महिन्यांत पहिल्यांदा, आणि इतका की मागची गादी त्याच्या अंगावर कलली. मग तो सुटला. निरीक्षक चष्म्याशिवाय गेले म्हणजे त्यांना बघायचं काहीच नव्हतं, म्हणजे जिथे नेलं तिथे अंधार असणार, म्हणजे हे काम जमिनीखाली राहणाऱ्यांचं. मी घरी जाऊन हा भाग बाजूला ठेवून देणार होते. पण मी घराचा जिना चढायच्या आतच काकाने तो जसाच्या तसा सोडून दिला.

लोकांना तो फारच आवडला. आमचे श्रोते काही लाखांनी नव्हते, पण होते ते हात धुऊन मागे लागणारे. एका बसचालकाने कळवलं की थांब्यावर निरीक्षकांसारखा एक गृहस्थ उभा होता. यायचंय का विचारलं तर म्हणाला, मी बसची वाट बघत नाहीये, आणि वेष पालटून बसची वाट बघणारा माणूस नेमकं हेच म्हणेल. एका ग्रंथपालबाईंना परत आलेल्या पुस्तकात खुणेसाठी घातलेलं गादीचं लेबल सापडलं. आमची सगळ्यात जुनी श्रोती एक दातांची डॉक्टरीण. ती रुग्णाच्या तोंडात यंत्र चालू असताना एका कानाने आम्हाला ऐकायची. तिने लांबलचक निरोप पाठवला: खुर्चीत बसलेल्या एका संशयिताच्या तोंडात कापूस असताना त्याने जे उच्चारलं ते ‘योगायोग’ या शब्दाच्या फार जवळचं होतं, तपासासाठी दाढ राखून ठेवली आहे.

मीही हसले. खोटं कशाला बोलू? कचेरीत, एका गंभीर ग्रंथाच्या मुद्रितावर मान घालून, आवाज न करता हसले. बाबा जिथे थांब्यावर उभे राहतात, ग्रंथालयात जातात, दाढ काढून घेतात, असं जग वाईट नव्हतं.

पण पुढच्या आठवड्यात मी ठरवून गेले. बटण दाबल्यावर काका म्हणाला की सूत्रांच्या मते निरीक्षक लवकरच परततील.

“नाही,” मी म्हणाले.

“खोडरबर! आडवी पड.”

“काका, मला खरंच बोलायचंय.”

“बोल ना. आडवी पडून बोल. नियम तुझ्या बापाचा आहे.”

मी आडवी पडले. छताकडे बघत मी म्हणाले की काही माणसं परत येत नसतात. तो आवाज जांभई देत बोलल्यासारखा आला. काका म्हणाला, “श्रोतेहो, साक्षीदाराला गुंगीचं औषध दिलेलं दिसतंय.” हा भाग आधीच्यापेक्षाही गाजला. डॉक्टरीणबाईंनी औषधाचं नाव आणि प्रमाणसुद्धा सुचवलं.

मग मी एका संध्याकाळी काकाचा डबा घेऊन दुकानात गेले. बाबा असताना काका दोन्ही वेळा आमच्याकडे जेवायचा. त्याचं घर रस्त्यापलीकडे, बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. त्यामुळे आमचा जिना चढताना तो खालूनच ‘वाढा’ म्हणून ओरडायचा. बाबा गेल्यापासून तो जिना चढला नव्हता. कधी पाय दुखतो, कधी माल यायचाय. मी डबा नेऊन द्यायचे.

गल्ल्याशी एक वयस्कर बाई गादी पुन्हा भरून घ्यायला आल्या होत्या. मी कोपऱ्यात डबा ठेवला.

“थोरले कुठायत?” बाईंनी विचारलं. “मागच्या वेळी त्यांनीच भरली होती. त्यांना माझी कंबर माहितीये.”

“बाहेर गेलेत,” काका म्हणाला. तो माप घेत होता, मान वर न करता. “येतीलच एवढ्यात. सांगतो त्यांना.”

तिथे मायक्रोफोन नव्हता. कोणी हसणारं नव्हतं. तो कुजबुजतही नव्हता, रोजच्या आवाजात बोलत होता. बाई ‘बरं’ म्हणून गेल्या. काकाने पावती न लिहिताच कापड उलगडलं. हा खेळ आता खेळ राहिला नव्हता. काका अजून एकदाही म्हणाला नव्हता की भाऊ वारला, माझ्याजवळ नाही, आईजवळ नाही, आणि निदान मनातल्या मनात तरी म्हणाला असेल असं मी समजून चालले होते, तर तेही नाही. आणि माझ्या ‘बरोबर’ने मी त्याला राहायला घर बांधून दिलं होतं.

“काका, तू त्यांना काय सांगितलंस?”

“काय सांगितलं?”

“बाबा बाहेर गेलेत.”

“मग घरात आहेत का?” तो म्हणाला. “डब्यात काय आहे?”

घरी येऊन मी आईला सांगितलं. आईने आमचा कार्यक्रम कधी ऐकला नव्हता. ‘दोन म्हातारे गाद्यांत बसून बडबडतात, ते घरी फुकट ऐकायला मिळतं’ असं तिचं मत होतं. तिने विळी बाजूला ठेवली आणि हात पुसले.

“लाव. दोन्ही भाग लाव.”

मी इयरफोन दिला. कानात काही घातलं की आई जग बहिरं झाल्यासारखी बोलते. खिडकीत बसून ती ओरडून शेरे मारत होती, खालून जाणारे वर बघत होते.

“चष्म्याचं बरं सुचलं गं तुला!”

“आई, हळू.”

“आडवी पडून काय बोलतेस, घोरल्यासारखं! तोंड तरी उशीतून काढ!”

मग ती खिडकीतून आत वळून बसली. भाग संपल्यावरही इयरफोन काढला नाही. मग काढला आणि वायरची नीट गुंडाळी केली.

“भाऊजींनी जिना का सोडला ते कळलं,” ती म्हणाली. “इथे आले तर ते नाहीत हे दिसेल.”

“मी किती सांगितलं त्याला—”

“काय सांगितलंस? ‘नाही’. अगं, त्या दोन भावांना ‘नाही’ हा शब्द आयुष्यात कधी ऐकू आलाय का? तुझ्या आजीचं ऐकलं नाही, शिक्षकांचं ऐकलं नाही. मी इतकी वर्षं संसार ‘हो’ म्हणून चालवला. हो म्हणायचं आणि हळूच वळवायचं. बैलगाडी अशीच वळते, समोर उभं राहून नाही.” ती पुन्हा विळीपाशी बसली. “उद्या मला घेऊन चल.”

दुसऱ्या दिवशी आई मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली तेव्हा काका चटकन उठला. हातातली वायर त्याने पाठीमागे लपवली, सिगारेट लपवावी तशी.

“वहिनी, तुम्ही? इथे धूळ आहे.”

“माझ्या घरातही आहे. तुम्ही येत नाही म्हणून तुम्हाला माहीत नाही.” आई जमिनीवर पसरलेल्या एका नव्या गादीवर बसली आणि पदर सावरला. “मला साक्ष द्यायचीय.”

काकाने माझ्याकडे पाहिलं. मी बटण दाबलं. त्याच्यातला कलावंत भित्रा नव्हता, हे मान्य करायला हवं.

“श्रोतेहो,” तो कुजबुजला, “प्रकरणाला वळण. निरीक्षकांच्या पत्नी आपणहून हजर झाल्या आहेत. बाई, निरीक्षकांना शेवटचं कधी पाहिलंत?”

“तुमची सूत्रं काय म्हणतात?”

काका खूश झाला. “आमच्या सूत्रांनुसार त्यांना एका संघटनेने ताब्यात घेतलं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं.”

“बरोबर,” आई म्हणाली. “आणि त्याहून गंभीर म्हणजे, त्यांच्या चपला बिनआवाजाच्या होत्या. डोळे मिटून पडलेल्या माणसाच्या उशाशी कधी येऊन उभे राहतील, देव जाणे.”

“अरे बापरे. त्यांनी निरीक्षकांना एका खोलीत कोंडलं.”

“बरोबर. तिची खिडकी कायमची बंद. मी खूप ओढून पाहिली.”

“तिथे त्यांची कसून चौकशी झाली.”

“झाली ना. रोज सकाळी नव्याने. नाव काय, वय काय, आज वार कोणता. वार ते मुद्दाम चुकीचा सांगायचे. म्हणायचे, शत्रूला सगळं सांगायचं नसतं.”

काका हसला. मीही हसले, आणि हसता हसता माझ्या ध्यानात आलं की आईने आतापर्यंत एक शब्दही खोटा बोललेला नाही.

“आणि रक्त काढायचे,” आई पुढे म्हणाली. “सारखं. तर हे मला म्हणाले, ‘एवढं रक्त ही मंडळी गोळा करून ठेवतात कुठे, याचा तपास लागला पाहिजे. धाकट्याला सांग, पुढचा भाग तयार आहे.’”

“असं म्हणाला?” काकाचा आवाज कुजबुजीतून बाहेर आला होता. “मला सांगितलं नाहीत.”

“तुम्ही घरी कुठे आलात?”

काकाने घसा साफ केला. पुन्हा सूत्र झाला. “तर... मग एका दुपारी, संघटनेचं लक्ष नसताना, निरीक्षक तिथून निसटले.”

“बरोबर,” आई म्हणाली.

आम्ही थांबलो. आता तिने ‘आणि त्याहून गंभीर म्हणजे’ म्हणायचं होतं. ती म्हणाली नाही. काकाकडे बघत नुसती बसून राहिली. त्या खोलीतली शांतता वेगळीच असते. बाहेरचा रस्ता, पंखा, गिऱ्हाईक, काहीच आत येत नाही.

“मी गेलो तेव्हा पलंग रिकामा होता, वहिनी,” काका म्हणाला.

“हो.”

“मला त्यानेच पाठवलं होतं. म्हणाला, त्या लोकांची गादी पोचवून ये, बिचारे जमिनीवर झोपत असतील. मी पोचवून आलो. तर पलंग रिकामा, चादर बदललेली. तुम्ही दोघी कुठे होतात कोण जाणे.”

आम्ही खाली कागदांवर सह्या करत होतो. हे मी बोलले नाही.

“मी चादर वर केली. गादीवर हात फिरवला.” बोलता बोलता त्याचा हात समोरच्या गादीवर तसाच फिरत होता, बोटं पसरून, दाबत, आमच्या घरात सगळ्यांचा फिरतो तसा. “खळगा नव्हता. एवढासुद्धा नाही. माणूस एक रात्र झोपला तरी गादीला कळतं. कुठे खांदा, कुठे कंबर, कुठल्या कुशीवर झोपतो. दादाच शिकवायचा मला, माणूस खोटं बोलेल, गादी बोलणार नाही. आणि त्या गादीला दादा ठाऊकच नव्हता. तिथे कोणी झोपलंच नव्हतं, वहिनी. मग मी कसं म्हणू—”

त्याचा हात फिरतच राहिला.

म्हणजे हे होतं. सुरुवातीला मला वाटलं होतं की काका एक थट्टा ताणतोय. तो आपल्या धंद्याला जे कळतं त्यावर विश्वास ठेवून बसला होता.

आई उठली नाही, जवळ सरकलीही नाही. ज्या आवाजात ती हिशेबाचं किंवा हवेचं बोलते त्याच आवाजात म्हणाली, “खळगा कुठून पडणार, भाऊजी? त्यांच्यात वजन उरलं नव्हतं. शेवटी शेवटी मी एकटी त्यांना कुशीवर वळवायचे. मी! घरात साधं कपाट मला हलवता येत नाही.”

काकाचा हात थांबला.

मग त्याने विचारलं, “गादीबद्दल काही म्हणाला का?”

“कोणती?”

“तिथली. दवाखान्याची.”

“म्हणाले का? दुसरं काही बोलत नव्हते! पहिल्या दिवसापासून. ‘ही ज्याने भरली त्याला माझ्यासमोर उभा करा.’ नर्सने सांगितलं, आजोबा, आराम करा. तर म्हणाले, ‘कशावर? ह्याच्यावर? बाई, तुम्ही स्वतः एकदा झोपून बघा, मी उठतो.’ उठायला निघाले खरंच. सलाईनची नळी ओढली गेली, मोठ्या डॉक्टरांना यावं लागलं. त्यांना म्हणाले, ‘तुम्हीसुद्धा या कटात सामील आहात?’”

काका हसायला लागला. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी, हात गुडघ्यावर आपटत होता. मग तो अजून तसाच हलत होता पण हसत नव्हता, आणि हे कुठे बदललं ते मला सांगता येणार नाही. मी नंतर ते रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकलं. तिथे जोड सापडत नाही.

शेवटी त्याने बाहीने तोंड पुसलं आणि मायक्रोफोन जवळ ओढला. कुजबुजला नाही.

“श्रोतेहो, माझा थोरला भाऊ वारला. आजारी होता. त्याला कोणी पळवलं नाही.”

“‘नाही’ म्हणालात,” आई म्हणाली. “आडवे पडा.”

आणि तो खरंच आडवा पडला. वयाच्या मानाने सावकाश, एका कोपरावर टेकत. छताकडे बघत, आवाजातला सगळा दरारा गेलेला, त्याने बाबांबद्दल बोलायला सुरुवात केली: लहानपणी दोघांना मिळून एक गादी होती आणि दादा भिंतीकडची बाजू सोडायचा नाही, वगैरे. आई मधूनमधून दुरुस्त करत होती. मी काही कापलं नाही. खोकला, नाक ओढणं, पुढे कोणी गिऱ्हाईक गल्ला वाजवत होतं ते, सगळं तसंच ठेवून भाग सोडला.

दोन दिवसांनी दुपारी काका आमच्याकडे जेवत होता. जिना चढताना ओरडला नव्हता. दारात क्षणभर थांबला, आत सगळीकडे नजर फिरवली आणि मग हात धुवायला गेला. आई त्याला वाढत होती आणि डबा परत करताना झाकण कुठल्या कुठे घालवतो म्हणून बोलत होती. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. हात खरकटा म्हणून त्याने स्पीकर लावला. दातांची डॉक्टरीण होती.

“काय वळण दिलंत हो!” फोनमधून हसू सांडत होतं. “माझी मदतनीस तर रडली! म्हणजे पत्नीही सामील आहेत तर. मला संशय होताच!”

“डॉक्टरीणबाई, तसं नाही,” काका म्हणाला. “तो खरंच वारला.”

“बरोबर!” ती आनंदाने म्हणाली. “आणि त्याहून गंभीर म्हणजे?”

काकाने घास खाली ठेवला. “अहो, नाही. खरंच. हा कार्यक्रम नाहीये, मी जेवतोय.”

“बरोबर, बरोबर. आणि ते जेवण कोणी पाठवलंय, हे विचारलंत का?”

काका हताश होऊन माझ्याकडे बघायला लागला. त्याने आयुष्यभर लोकांना म्हशी दाखवल्या होत्या, आता त्याला जमीन दाखवता येत नव्हती. “तू सांग गं,” तो म्हणाला. “खोडरबरवर लोक विश्वास ठेवतात.”

मी फोन घेतला आणि स्पीकर बंद केला. मी ते वाक्य या महिन्यांत कितीदा लिहिलं होतं, बँकेला, विमा कंपनीला, नातेवाइकांना. शुद्ध, विरामचिन्हांसकट. मोठ्याने म्हटलं नव्हतं. लोकांना कळलेलंच असायचं, ते दारातच मान हलवायचे आणि माझं काम वाचायचं. काकावर मी जो ठपका ठेवत होते तो माझ्याही वाट्याचा होता, हे मला फोन कानाला लावल्यावर कळलं.

“डॉक्टर, मी त्यांची मुलगी बोलतेय,” मी म्हणाले. “माझे बाबा वारले.”

पलीकडे पाण्याची बारीक धार चालू होती, ती बंद झाली. कोणालातरी ‘चूळ भरा आणि थांबा’ असं सांगितल्याचं ऐकू आलं. मग एक दार लोटलं गेलं.

“मी तिन्ही भागांत हसले,” ती म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता. “शेवटच्या भागातसुद्धा.”

“हसण्यासारखंच होतं,” मी म्हणाले. “बाबांनी तेच म्हटलं असतं.”

मला वाटलं होतं की ते वाक्य एकदा म्हटलं की घरातलं काहीतरी कोसळेल. पाण्याचं भांडंसुद्धा हललं नाही.

“आणि काका?” तिने विचारलं. “ते कसे आहेत?”

मी वळून पाहिलं. आई त्याच्या पानात आणखी वाढत होती, तो दोन्ही हात आडवे धरून नको नको म्हणत होता, आणि ती काही ऐकू आलं नसल्यासारखी वाढत होती.

“जेवतोय,” मी म्हणाले.